मीनलला पत्र: स्पॅनिश शिकायची कशी?

ठाणे,
रविवार

प्रिय मीनल,
सप्रेम नमस्कार.

मेक्सिकोच्या ग्राहकांचं काम तुझ्याकडे आलं हे वाचून फार बरं वाटलं. पण "क्लास लावू, ॲप घेऊ की ऑनलाइन शिक्षक शोधू, एका ओळीत सांग" हे काही जमणार नाही गं. सविस्तरच लिहिते.

आधी कोणाशी बोलायचंय ते बघ. तुला मेक्सिको हवंय, स्पेन नाही. आपल्याकडच्या बऱ्याच वर्गांत स्पेनमध्ये छापलेली पुस्तकं असतात आणि त्यांत 'बोसोत्रोस'ची, म्हणजे अनेकांना 'तुम्ही' म्हणायची, रूपं घोकून घेतात. मेक्सिकोत ती बोलण्यात नसतात. दोघांना असो की दहा जणांना, 'उस्तेदेस'च म्हणतात. माद्रिदला फळांचा रस 'सुमो', मेक्सिकोत 'हुगो'. म्हणून क्लासला फोन केलास की फीच्या आधी हे विचार: लॅटिन अमेरिकेतली बोली शिकवता का? उत्तर देताना समोरचा चाचरला, तर काय समजायचं ते समज.

ॲपचं थोडक्यात सांगते. ड्युओलिंगो शब्द पाठ करायला छान आहे, बसमध्ये वेळ जातो. पण तिथे बरंचसं काम समोर दिलेल्या शब्दांवर बोट ठेवण्याचं असतं, आणि मेक्सिकोतल्या मॉन्तेर्रे शहराचा खरेदी अधिकारी फोनवर तुला पर्याय देणार नाही. ॲपवर सलग किती दिवस सराव केला त्याची साखळी तुटू नये म्हणून रात्री पावणेबाराला टिचक्या मारणारे लोक मी पाहिलेत. त्यांना साखळी येते, स्पॅनिश येत नाही.

आता मला खरं जे सांगायचंय ते. बहुतेक पुस्तकं आणि व्हिडिओ इंग्रजी बोलणाऱ्यांसाठी केलेले असतात. त्यामुळे जे त्यांना अवघड जातं ते आपल्यालाही अवघडच म्हणून शिकवलं जातं, आणि आपण उगाच घाबरतो. 'गुस्तार' या क्रियापदावर ते धडेच्या धडे खर्च करतात. अगं, 'मे गुस्ता एल काफे' म्हणजे सरळ 'मला कॉफी आवडते'. आंबे आले की 'मे गुस्तान लोस मांगोस', मला आंबे आवडतात. क्रियापद आंब्यांच्या मागे जातं, अगदी आपल्यासारखं. इंग्रजीतून गेलीस तर हे उलटं करून पुन्हा सुलटं करत बसशील.

भूतकाळाचंही तेच. 'फुई' आणि 'इबा' यांतला फरक समजावताना इंग्रजी पुस्तक तक्ते काढतं. तू एवढंच लक्षात ठेव: काल बँकेत गेले, तिथे 'फुई', लहानपणी सुट्टीत आजोळी जायचे, तिथे 'इबा'. 'बेओ एल लिब्रो', पण 'बेओ आ मारिया': पुस्तक बघते, पण मारियाला बघते. हा 'आ' कुठे लावायचा हे इंग्रजीवाल्यांना घोकावं लागतं, आपल्याला 'ला' कुठे लावायचा ते तोंडातच बसलेलं आहे. 'त्याने यावं असं मला वाटतं' यातलं 'यावं' आठवलंस, तर पुढे सब्जंक्टिव्ह, म्हणजे इच्छा-शंका सांगणारं क्रियापदाचं रूप, आला की निम्मी भीती जाईल. उच्चारातही त, द, प, क जवळजवळ आपलेच. इंग्रजीचा 'ट' मात्र विसर.

सगळंच फुकट मिळत नाही. 'सेर' आणि 'एस्तार' या दोघांना आपल्याकडे एकच 'आहे', तिथे मराठी हात टेकते. लिंगं तीनाऐवजी दोन, पण हात आपला पुल्लिंगी आणि त्यांची 'मानो' स्त्रीलिंगी. ते पाठच करायचं. शब्दांसाठी मात्र इंग्रजी खुशाल वापर. 'शन'ने संपणारे कितीतरी शब्द 'सिओन' लावून तयार होतात: सितुआसिओन, इन्फोर्मासिओन, प्रोदुक्सिओन. तुझ्या कामात तर हेच जास्त लागतील. 'लँग्वेज ट्रान्स्फर' नावाचा एक मोफत ऑडिओ कोर्स आहे, तो अशाच युक्तीने सुरू होतो. स्वयंपाक करताना ऐक, आणि शिकवणारा थांबतो तेव्हा मोठ्याने उत्तर दे. घरातले हसतील, हसू दे.

मग क्लास की शिक्षक? मी तुझ्या जागी असते तर दोन्ही घेतले असते, पण एकामागून एक. पुण्यात परकीय भाषा म्हटलं की लोक रानडे इन्स्टिट्यूटचं नाव घेतात, पण तिथले विद्यापीठाचे कोर्स वर्षाच्या चालीने चालतात आणि तुला घाई आहे. दिल्लीच्या इन्स्टिट्यूटो सर्व्हांटेसचे, म्हणजे स्पेन सरकारच्या भाषा-संस्थेचे, ऑनलाइन वर्ग असतात, किंवा घराजवळ सात-आठ जणांची छोटी बॅच बघ. ए-वन ही पहिली पातळी अशा वर्गात कर, कारण सुरुवातीला बरोबरीचे अडखळणारे लोक लागतात. नंतर मेक्सिकोतला शिक्षक घे, एकास एक. वेळ आपल्या सोयीची आहे: मेक्सिको सिटी आपल्या साडेअकरा तास मागे, म्हणजे तुझे सकाळचे साडेसात तेव्हा तिथे आदल्या रात्रीचे आठ. ऑफिसच्या आधी तास उरकतो. त्याला पहिल्याच दिवशी सांग की व्याकरण मी घरी करीन, तुमच्याशी फक्त बोलणार. ग्राहकाची ऑर्डर, उशिरा निघालेला कंटेनर, चुकलेलं बिल, हेच विषय ठेव.

प्रमाणपत्र कंपनी मागेल तेव्हा बघू. स्पॅनिशच्या दोन परीक्षा आहेत, डेले आणि सिएले. डेलेचं प्रमाणपत्र कायमचं असतं, सिएलेचं पाच वर्षांचं. पण सिएले संगणकावर होते आणि निकाल लवकर लागतो. डेलेच्या बी-वन या मधल्या पातळीला वाचन-लेखन एका गटात, ऐकणं-बोलणं दुसऱ्या गटात, आणि दोन्हींत ५० पैकी निदान ३० गुण लागतात. म्हणजे लेखी चांगलं गेलं म्हणून बोलण्यातली कसर झाकली जात नाही. मला ही अट आवडते.

बुधवारी रात्री फोन करते. तोवर दोन-तीन क्लासना ते मेक्सिकोचं विचारून ठेव, आणि कोण काय म्हणालं ते सांग. फी भरायची घाई करू नकोस. काकूंना माझा नमस्कार.

तुझी,
अनघा