त्याचं पूर्ण नाव कळव

प्रिय मित्रा,

परवा तुझा फोन झाला आणि नंतर मला बराच वेळ काही सुचलं नाही. बावीस वर्षं फौजेत काढून तू पेन्शनीवर आलास, म्हणून मी उत्साहानं म्हणालो, आपण तुझा सत्कार ठेवू. तू क्षणभर बोललाच नाहीस. मग म्हणालास, "माझा नको. मी आलो ना परत. करायचंच असेल तर चारचौघांत त्याचं नाव घ्या." परत न आलेल्या तुझ्या त्या साथीदाराबद्दल इतक्या वर्षांत तू माझ्याशी तिसऱ्यांदा बोललास. तिन्ही वेळा दोन-तीन वाक्यं, बस.

तेव्हापासून मी नावांच्याच मागे लागलोय. हाती लागेल ते वाचतोय.

साध्या शिपायाचं नाव दगडावर कोरणं आज आपल्याला स्वाभाविक वाटतं. पूर्वी लढाई जिंकली की नाव सेनापतीचं व्हायचं, आणि पडलेले शिपाई बहुतेकदा एकाच खड्ड्यात जायचे. पहिल्या महायुद्धात फेबियन वेअर नावाच्या इंग्रज गृहस्थाला वय जास्त म्हणून सैन्यात घेतलं नाही. तो १९१४ मध्ये रेड क्रॉसच्या रुग्णवाहिका पथकाबरोबर फ्रान्सला गेला. तिथे त्याच्या लक्षात आलं, की कोणाला कुठे पुरलंय याची धड नोंदच कोणी ठेवत नाही. मग त्याच्या पथकानं थडगी शोधून नावं टिपायला सुरुवात केली. त्यातूनच १९१७ मध्ये युद्धातल्या थडग्यांची काळजी घेणारा आयोग उभा राहिला.

त्या आयोगानं दोन गोष्टी ठरवल्या. हुद्दा कोणताही असो, दगड सगळ्यांना सारखाच. आणि शव मायदेशी न्यायचं नाही; न्यायला परवानगी दिली तर पैसेवाल्यांची मुलं तेवढी घरी येतील. यावर हजारो लोकांनी सह्या करून विनवण्या केल्या, की आमचा मुलगा आम्हाला परत द्या. आयोग बधला नाही. खरं सांगतो, इथे मी बराच वेळ अडकलो. न्याय आयोगाच्या बाजूनं होता असंच मला वाटतं, पण त्या आयांपैकी एकीसमोर उभं राहून हे बोलायचं धैर्य माझ्यात नाही.

बेल्जियममधल्या ईप्र गावात मेनिन गेट नावाची मोठी कमान आहे. ज्यांची थडगीच सापडली नाहीत अशा ५४ हजारांहून अधिक सैनिकांची नावं तिच्यावर आहेत. हिंदुस्थानी सैनिकांचीही आहेत. तिथे रोज रात्री आठ वाजता रहदारी थांबवतात आणि बिगुलावर 'लास्ट पोस्ट' ही पडलेल्या सैनिकांना मानवंदना देणारी धून वाजवतात. १९२८ मध्ये ही प्रथा सुरू झाली. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या ताब्यात असताना ती थांबली होती, पण ६ सप्टेंबर १९४४ ला गाव मुक्त झालं त्याच संध्याकाळी बिगुल पुन्हा वाजला. वाजवणारे कोणी फौजी नव्हेत, गावातल्या अग्निशमन दलाचे लोक. कामावरून यायचं, बिगुल घ्यायचा आणि कमानीखाली जाऊन उभं राहायचं, कितीही पाऊस असो. मला हे फार मोठं वाटतं.

पण मग इराकमधल्या बसऱ्याच्या स्मारकाबद्दल वाचलं आणि जीव कळवळला. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकच्या भागात, पडलेल्या ब्रिटिश सैनिकांची नावं तिथे कोरली, हिंदुस्थानी अधिकाऱ्यांचीही कोरली. बाकी हिंदुस्थानी शिपाई मात्र पलटणीच्या नावाखाली नुसते आकडे झाले. अमुक पलटण, इतके शिपाई. समान दगडाचा नियम करणारा आयोग तोच. २०२१ मध्ये त्यांनी स्वतःच्याच अहवालात ही चूक कबूल केली: किमान १ लाख १६ हजार जणांची, त्यातले बहुतेक पूर्व आफ्रिका आणि इजिप्तमधले, नावानं नोंद झालेली नाही, कदाचित मुळीच झालेली नाही. रात्री मी त्या आकड्याकडे बघत बसलो होतो. त्यातल्या प्रत्येकाला कोणीतरी घरी हाक मारत असणार.

आणि मग तू आठवलास. तू परत आलास हे खरं, पण तुझंही बरंच काही तिकडे राहिलं. लेक पहिलं पाऊल टाकताना तू नव्हतास. वहिनींनी फोन तिच्या पायांजवळ धरला आणि तू नुसता आवाज ऐकलास. वडील अंथरुणाला खिळले तेव्हा त्यांचं सगळं वहिनींनीच केलं आणि तुला सांगत राहिल्या, "इकडे सगळं ठीक आहे." ते ठीक नव्हतं. मी बघत होतो, आणि मीही तुला कळवलं नाही, कारण तू पोस्टवर होतास आणि तिथे तुझं मन विचलित व्हायला नको होतं. याबद्दल आपण कधी बोललो नाही. भेटलास की बोलू. आणि सत्कार करायचाच तर आधी वहिनींचा करू, त्याला तरी नाही म्हणू नकोस.

आता तू सांगितलेल्या कामाचं. पुढच्या महिन्यात सगळे मित्र जमणार आहोत. भाषण नाही, हार नाहीत. सुरुवातीला उभं राहून मी त्याचं नाव वाचणार आहे. तू त्याला नेहमी टोपणनावानंच हाक मारत आलास, तेवढंच मला माहीत आहे. तेव्हा त्याचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, नीट लिहून पाठव. उच्चारात चूक व्हायला नको. आणि त्याची आई असेल, तर आम्ही असं करतोय हे तिला आधी विचारून घे.

तुझाच,
मित्र