बाबा, तिच्या खांद्यावर तुमचा हात हवा

सांगली

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर बाबा म्हणाले, "पोरीचे दृढीकरण एवढे लांबवले कशाला? मी नऊ वर्षांचा असताना बिशपांची चापट खाऊन मोकळा झालो होतो." त्याचे उत्तर तेव्हा नीट देता आले नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

बाबा, दृढीकरणात, म्हणजे बाप्तिस्म्यानंतर पवित्र आत्म्याच्या दानाने विश्वास पक्का करणाऱ्या संस्कारात, बिशप गालावर हलकेच मारत ती चापट आता राहिलेली नाही. पोप सहावे पॉल यांनी १९७१ मध्ये या संस्काराचा विधी सुधारला, तेव्हा ती गेली. क्रिझ्म या आशीर्वादित सुगंधी तेलाने कपाळावर क्रूसाची खूण मात्र तुमच्या वेळेसारखीच होते. ती करताना बिशप उमेदवाराचे नाव घेऊन 'पवित्र आत्म्याच्या दानाची मुद्रा स्वीकार' अशा अर्थाचे शब्द उच्चारतात. वयाचे म्हणाल, तर चर्चचा कायदा समज येण्याचे वय पुरेसे मानतो आणि त्यापुढे थांबायचे की नाही, हे बिशप परिषदेवर सोडतो. आमच्या फादरांनी यंदा दहावी झालेल्या सात मुलांचा वर्ग घेतला आहे. खरे सांगायचे, तर आधी मलाही हा उशीरच वाटत होता. आता वाटत नाही, कारण लहानपणी तिने जो प्रश्न विचारलाच नसता, तो तिने या वर्गात विचारला.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, तेव्हा ती दहा वर्षांची होती. धोक्याची पातळी ४५ फूट आहे, हे इथल्या लहान मुलांनाही तोंडपाठ असते. शामरावनगरातल्या आपल्या घरातले पाणी ओसरल्यावर आम्ही परत आलो, तेव्हा भिंतींवर माझ्या खांद्याइतक्या उंचीवर चिखलाची रेघ होती आणि कपाटातल्या कागदांचा लगदा झाला होता. बाप्तिस्म्याचा दाखला त्यातच गेला. सुटा करायला गेले, तर शाई पसरलेला निळा डाग तेवढा हाती आला. बाप्तिस्म्याची मेणबत्ती माळ्यावर होती, म्हणून वाचली. तेव्हापासून कोयनेतून विसर्ग वाढवल्याची बातमी आली, की ही पोर रात्री दोनदा-तीनदा उठून खिडकीपाशी जाते. त्यात आता प्रवेशाची चिंता आहे, आणि तिच्या वडिलांच्या कारखान्यात पगार तीन-तीन महिने लांबतो, हेही तिला कळते.

वर्गात यशयाच्या पुस्तकातली आत्म्याची दाने शिकवली, त्यांत सामर्थ्य आले. त्या रात्री ती मला म्हणाली, "मम्मी, मी तर अजून पाण्याला भिते. मग माझे दृढीकरण खोटेच होणार ना?"

मी फादरांकडे पाठवून मोकळी होऊ शकले असते, पण योहानाचे शुभवर्तमान काढले आणि विसावा अध्याय तिलाच वाचायला दिला. भीतीने दारे लावून बसलेल्या शिष्यांमध्ये येशू येतो, त्यांच्यावर श्वास फुंकतो आणि 'पवित्र आत्मा घ्या' असे म्हणतो. इथपर्यंत आपण सगळेच ऐकत आलो आहोत. पुढची एक ओळ मात्र तिने दोनदा वाचली: आठ दिवसांनंतर शिष्य पुन्हा घरातच होते आणि दारे बंदच होती. ती बराच वेळ बोलली नाही, मग म्हणाली, "म्हणजे मिळाल्यावरसुद्धा?" मी हो म्हटले. दृढीकरण म्हणजे आपण दृढ झाल्याचे प्रमाणपत्र नव्हे. आपल्याला दुसऱ्या कोणीतरी दृढ करणे आहे, आणि ते काम त्या एका सकाळी संपत नाही, इतके मला सांगता आले. तिच्या शाळेतल्या मैत्रिणीने 'म्हणजे तुमच्यातली मुंज का गं?' असे विचारले होते. त्यावर काय सांगावे, हे तिला सुचले नव्हते. आता सुचेल, असे वाटते. आपला धर्म दुसऱ्याला समजावून सांगता येणे हीदेखील या संस्काराने सोपवलेली जबाबदारी आहे, आणि शाळेच्या वर्गात दुसरा एकही कॅथलिक नसलेल्या मुलीला ती वसईसारख्या कॅथलिक वस्तीतल्या मुलांपेक्षा लवकर उचलावी लागते.

आता मुख्य मागणे. तेल लावताना धर्मपिता किंवा धर्ममाता, म्हणजे विश्वासात आधार देणारी व्यक्ती, उमेदवाराच्या खांद्यावर उजवा हात ठेवून उभी असते. हे स्थान आई-वडिलांना घेता येत नाही. बाप्तिस्म्याचा धर्मपिताच असणे चांगले, पण दादाला कुवेतहून रजा मिळत नाही. तिने स्वतः तुमचे नाव घेतले. कारण विचारले, तर म्हणाली, "आजोबा पुरात रोज फोन करत होते आणि घाबरू नकोस असे एकदाही म्हणाले नाहीत, फक्त पाणी कितव्या पायरीपर्यंत आले, ते विचारायचे."

तेव्हा बाबा, तुम्ही याच. आईच्या गुडघ्यांना बसचा प्रवास झेपणार नाही, म्हणून महालक्ष्मीची खालची दोन्ही बर्थ काढते. हे स्टेशनवर घ्यायला येतील. आणि येण्याआधी तुमच्याकडच्या चर्चच्या कचेरीत जाऊन तिच्या बाप्तिस्म्याचा नवा दाखला तेवढा काढून आणा. तिथल्या वहीत तिचे नाव आहेच, आणि दृढीकरण झाल्यावर त्याची नोंदही त्याच नावापुढे होणार आहे.

आपली,
ताई