लसीकरणाचे बदलते नियम आणि वसतिगृह शुल्काची परतफेड : तक्रार

दिनांक : २० जून २०२२

प्रति,
मा. महाव्यवस्थापक (ग्राहक सेवा),
वसतिगृह व्यवस्थापन कंपनी, पुणे.

विषय : लसीकरणाच्या अटींमध्ये वारंवार केलेले बदल, त्या काळात आकारलेले निवास व मेस शुल्क आणि जुलैपासूनची वर्धक मात्रेची सक्ती.

महोदय,

माझी मुलगी पुण्यातील एका खासगी विद्यापीठात शिकते. त्या विद्यापीठाच्या संकुलातील मुलींचे वसतिगृह, तेथील मेस आणि मुख्य प्रवेशद्वारावरची तपासणी ही तिन्ही कामे आपल्या कंपनीकडे आहेत. निवासाचा करार आमच्यात आणि आपल्या कंपनीत झालेला आहे, शुल्काची पावती आपल्या कंपनीची आहे आणि गेल्या ऑक्टोबरपासून विद्यार्थी, कर्मचारी व अभ्यागत यांच्या लसीकरणाबाबत जे जे नियम आले, ते आम्हाला आपल्याच कार्यालयाच्या ईमेलमधून कळले. म्हणून ही तक्रार मी विद्यापीठाकडे न करता आपल्याकडे करीत आहे.

लसीकरणाला माझा विरोध नाही, हे आधीच स्पष्ट करते. महाराष्ट्रातले कोरोनाचे पहिले रुग्ण ९ मार्च २०२० रोजी पुण्यातच आढळले आणि त्यानंतर या शहराने काय सोसले ते आपणही पाहिले आहे. आमच्या घरातल्या प्रत्येकाने पाळी आली तशी लस घेतली. नियम बदलण्यालाही माझी हरकत नाही. केंद्र सरकारनेच कोविशिल्डच्या दोन मात्रांमधले अंतर आधी चार ते सहा आठवडे ठेवले, मार्च २०२१ मध्ये ते सहा ते आठ केले आणि मे २०२१ मध्ये बारा ते सोळा आठवड्यांवर नेले. आजाराबद्दलची माहिती वाढते तसे नियम बदलणारच. परंतु सरकारच्या प्रत्येक बदलाला तारीख होती, कारण दिलेले होते आणि तो कोणाला लागू आहे हे लिहिलेले होते. आपल्या कंपनीच्या सूचनांमध्ये या तिन्ही गोष्टी क्वचितच एकत्र आढळल्या, आणि प्रत्येक बदलाचा भुर्दंड मात्र दरवेळी समोरच्याच माणसावर पडला.

माझ्या मुलीने पहिली मात्रा ९ जुलै २०२१ रोजी महापालिकेच्या केंद्रावर घेतली. दुसरी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मिळायची होती, पण सप्टेंबरच्या मध्यात तिलाच कोरोना झाला. पहिल्या मात्रेनंतर संसर्ग झाला तर बरे झाल्यावर तीन महिने दुसरी मात्रा घेऊ नये, अशी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाची मे २०२१ पासूनची सूचना होती. म्हणजे डिसेंबरअखेरपर्यंत तिला दुसरी मात्रा घेताच येत नव्हती. २० ऑक्टोबरला महाविद्यालये उघडली आणि आपला ईमेल आला की दोन्ही मात्रा व त्यानंतर चौदा दिवस पूर्ण झाल्याशिवाय वसतिगृहात प्रवेश नाही. ती अट तेव्हा राज्य शासनाचीही होती, म्हणून आम्ही वाद घातला नाही. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी राज्यभर सुरू झालेल्या 'मिशन युवा स्वास्थ्य' मोहिमेच्या शिबिरातही ती गेली. तिचा अहवाल पाहून तेथील डॉक्टरांनी तिला परत पाठवले आणि ते योग्यच होते.

त्यानंतर २७ नोव्हेंबर २०२१ रोजी राज्य शासनाचा आदेश निघाला. पूर्ण लसीकरण झालेली व्यक्ती कोणाला म्हणायचे, हे त्यात स्पष्ट दिले होते, आणि वैद्यकीय कारणामुळे ज्याला लस घेता येत नाही व ज्याच्याकडे मान्यताप्राप्त डॉक्टरांचे तसे प्रमाणपत्र आहे, त्याचाही त्या व्याख्येत समावेश होता. आम्ही डॉक्टरांचे प्रमाणपत्र, पॉझिटिव्ह आल्याचा अहवाल आणि पहिल्या मात्रेचे प्रमाणपत्र असे तिन्ही कागद आपल्या कार्यालयाला पाठवले. 'नियमात अपवाद नाही, विद्यापीठाशी संपर्क साधावा' असे एका ओळीचे उत्तर आले. विद्यापीठात विचारले तर वसतिगृहाचा प्रवेश कंपनी पाहते, असे सांगण्यात आले. अपवाद शासनाच्या आदेशातच लिहिलेला असताना तो नाही असे आपण कोणत्या आधारावर कळवले, याचे उत्तर मला आजवर मिळालेले नाही.

एवढ्यावरही मी कदाचित थांबले असते. डिसेंबरमध्ये मुलीच्या खोलीतल्या मैत्रिणीने तिला फोटो पाठवला. माझ्या मुलीची ट्रंक, गुंडाळलेली गादी आणि पुस्तकांचा दोरीने बांधलेला गठ्ठा मजल्यावरच्या कूलरशेजारी बोळात ठेवलेला होता, आणि खालची पुस्तके कूलरच्या पाण्याने भिजून फुगली होती. तिच्या खाटेवर दुसऱ्या शाखेची एक विद्यार्थिनी राहत होती. त्या मुलीबद्दल माझी काहीच तक्रार नाही, तिनेही शुल्क भरलेच असणार. माझा प्रश्न असा आहे की जी खाट आपण दुसरीला दिली, तिचे भाडे त्याच काळासाठी आमच्याकडूनही कसे घेतले जाऊ शकते? संसर्ग रोखण्यासाठी माझ्या मुलीला बाहेर ठेवले हे मी समजू शकते, पण शुल्क रोखून ठेवण्याने कोणता संसर्ग रोखला गेला? मेसबद्दलही हेच म्हणावे लागेल. जी मुलगी एक दिवसही तिथे जेवली नाही, तिचे मेस शुल्क दरमहा वळते होत राहिले.

कर्मचाऱ्यांच्या बाबतीत काय घडले तेही लिहिणे मला आवश्यक वाटते, जरी तो माझ्या पैशांचा प्रश्न नाही. विद्यार्थिनींना दोन मात्रांची अट असताना, नोव्हेंबरमध्ये मेस आणि स्वच्छतेच्या कर्मचाऱ्यांना एका मात्रेवर आत येण्याची परवानगी होती, कारण त्यांच्याशिवाय काम अडले असते. डिसेंबरच्या अखेरीस ओमायक्रॉनची बातमी वाढताच हीच सवलत एका सकाळी, आदल्या दिवशी काहीही न कळवता, फाटकावरच बंद झाली. मुलींच्या मजल्यावर झाडलोट करणाऱ्या मावशींनी ऑक्टोबरमधल्या 'मिशन कवच कुंडल' मोहिमेत पहिली मात्रा घेतली होती. सरकारनेच ठरवलेले चौऱ्याऐंशी दिवसांचे अंतर त्यांच्या बाबतीत जानेवारीत पूर्ण होणार होते, म्हणजे मनात असूनही त्यांना दुसरी मात्रा त्याआधी घेता आली नसती. तरीही दुसरी मात्रा होईपर्यंत त्यांना कामावर घेतले नाही आणि त्या सगळ्या दिवसांचा पगार कापला. शासनाच्या आदेशानुसार आस्थापनेतील कर्मचाऱ्यांचे पूर्ण लसीकरण अपेक्षित होते, हे मला ठाऊक आहे. परंतु तो आदेश नोव्हेंबरचा होता. आपण महिनाभर तो सोयीने बाजूला ठेवला आणि नंतर अचानक लागू केला, त्याची किंमत रोजंदारीवरच्या बाईने का मोजावी?

जानेवारीत राज्य शासनानेच महाविद्यालये पुन्हा ऑनलाइन केली. त्या काळातल्या खोलीच्या भाड्याबद्दल मी काहीही मागत नाही. मुलीने दुसरी मात्रा २९ डिसेंबरला घेतली आणि फेब्रुवारीत ती वसतिगृहात परतली, तेव्हा लसीच्या जोडीला आरटी-पीसीआर चाचणीची नवी अट आली, आणि तीही आपण नेमलेल्या प्रयोगशाळेतच करण्याची. डिसेंबर २०२१ मध्ये शासनाने खासगी प्रयोगशाळांसाठी दर ठरवून दिले होते. संकलन केंद्रावर नमुना दिल्यास ३५० रुपये आणि घरी येऊन घेतल्यास जास्तीत जास्त ७०० रुपये असा तो दर होता. आमच्याकडून वसतिगृहाच्या आवारात ९०० रुपये घेतले गेले आणि पावती मागितल्यावर ती ईमेलने येईल असे सांगितले गेले. ती अजून आलेली नाही.

आता सध्याच्या नियमाकडे येते, कारण पत्र आजच लिहिण्याचे कारण तेच आहे. राज्यातले सर्व निर्बंध २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याला, उठले. त्यानंतर काही काळ आपण प्रमाणपत्र पाहणे बंद केले होते. १६ मेच्या सूचनेत मात्र आपण कळवले आहे की जुलैत सुरू होणाऱ्या सत्रापासून अठरा वर्षांवरील प्रत्येक विद्यार्थी, कर्मचारी आणि अभ्यागत यांना वर्धक मात्रा म्हणजे बूस्टर घेतल्याशिवाय प्रवेश मिळणार नाही. ही सूचना लिहिताना कोणी दिनदर्शिका पाहिली होती का, हे मला जाणून घ्यायचे आहे. दुसऱ्या मात्रेनंतर नऊ महिने झाल्याशिवाय वर्धक मात्रा मिळत नाही, असा आजचा सरकारी नियम आहे. माझ्या मुलीचे नऊ महिने २९ सप्टेंबर २०२२ रोजी पूर्ण होतात. त्याआधी कोविन प्रणाली तिची नोंदणीच स्वीकारणार नाही. जी गोष्ट सरकार तिला देत नाही, ती नसल्याबद्दल आपण तिला पुन्हा एकदा बाहेर ठेवणार आहात. शिवाय साठ वर्षांखालच्या सर्वसामान्य माणसाला ही मात्रा खासगी केंद्रात विकत घ्यावी लागते, लसीचे २२५ रुपये आणि सेवाशुल्क १५० रुपयांपर्यंत. मला हा खर्च परवडतो, पण मजल्यावरच्या मावशींच्या घरात तो दिवसाच्या मजुरीएवढा आहे. तो कंपनी देणार की त्यांच्याच पगारातून जाणार, याचा सूचनेत उल्लेखही नाही.

या सूचनेच्या चौदा दिवस आधी, २ मे २०२२ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने जेकब पुलियेल विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात निकाल दिला. कोणालाही लस घेण्याची सक्ती करता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. त्याच वेळी सरकारचे लसीकरण धोरण अवाजवी नाही, असेही स्पष्ट केले. रुग्णसंख्या कमी असेपर्यंत लस न घेतलेल्यांवरचे निर्बंध मागे घ्यावेत आणि सर्व प्राधिकरणांनी, खासगी संस्था व शैक्षणिक संस्था यांनीही, आपापल्या आदेशांचा फेरविचार करावा, असे न्यायालयाने सुचवले. राज्यात गेल्या काही दिवसांत रुग्ण पुन्हा वाढत आहेत, याची मला जाणीव आहे, आणि वाढत्या साथीत काही निर्बंध आणावे लागतील हेही मान्य आहे. ओमायक्रॉनने दोन मात्रा घेतलेल्यांनाही गाठले, पण लस घेतलेल्यांचा आजार सहसा गंभीर झाला नाही, हे आपण सर्वांनी पाहिले. म्हणूनच लस घ्या असे मीही सांगते. मात्र जी लस प्रामुख्याने घेणाऱ्याला गंभीर आजारापासून वाचवते, तिचे प्रमाणपत्र फाटकावर तपासून आतल्या इतरांचे किती रक्षण होते, याचा विचार सूचना काढण्यापूर्वी व्हायला हवा होता. तो झाला असल्यास तो आम्हाला लेखी कळवावा.

अभ्यागतांबद्दल थोडक्यात लिहिते. मे महिन्यात माझ्या सासूबाई नातीला भेटायला आल्या, त्यांचे वय ७४ आहे. त्यांच्याकडे प्रमाणपत्राची छापील प्रत होती, आणि आधीच्या भेटीत तीच प्रत चालली होती. या वेळी 'फक्त मोबाइलवर दाखवा' असे सांगून त्यांना उन्हात फाटकाबाहेर थांबवले गेले. त्याच वेळी भाजीचा टेम्पो आणि पाण्याचा टँकर कोणताही कागद न दाखवता आत जात होते. सुरक्षारक्षकांना मी दोष देत नाही, त्यांना जे सांगितले जाते ते ते करतात. पण त्यांच्या टेबलावर प्रमाणपत्रांच्या झेरॉक्स प्रतींचा गठ्ठा पडलेला मी पाहिला. सर्वांत वरच्या प्रतीवर चहाच्या पेल्याचा गोल डाग होता आणि त्याखाली एका मुलीचे नाव, वय व आधारचे शेवटचे चार अंक वाचता येत होते. येणारा जाणारा कोणीही ती प्रत उचलू शकला असता.

माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत. खाट दुसऱ्या विद्यार्थिनीला दिलेली असताना आमच्याकडून घेतलेले अडीच महिन्यांचे भाडे २४,००० रुपये आणि २० ऑक्टोबर २०२१ ते ३१ जानेवारी २०२२ या काळातले मेस शुल्क १४,००० रुपये, असे एकूण ३८,००० रुपये परत करावेत. चाचणीसाठी शासकीय दरापेक्षा जास्त घेतलेली रक्कम परत करावी आणि पावती द्यावी. भिजलेल्या पुस्तकांची भरपाई मी मागत नाही, पण विद्यार्थिनीच्या अनुपस्थितीत तिचे सामान हलवण्याचा अधिकार कोणी दिला, हे लेखी कळवावे. १६ मेची सूचना मागे घ्यावी, किंवा निदान ज्यांचे नऊ महिने पूर्ण झालेले नाहीत त्यांना ती लागू नाही, असे स्पष्ट करावे. डिसेंबरमध्ये ज्या कर्मचाऱ्यांचा पगार केवळ दुसऱ्या मात्रेची तारीख आली नव्हती म्हणून कापला, त्यांना तो द्यावा. फाटकावर साठवलेल्या प्रती नष्ट कराव्यात आणि यापुढे प्रमाणपत्र फक्त पाहावे, ठेवून घेऊ नये.

यापुढे नियम बदलावा लागला तर तो विद्यापीठाच्या की कंपनीच्या निर्णयाने बदलला, कोणत्या तारखेपासून, कोणाला आणि कोणत्या कारणासाठी, हे एकाच कागदावर लिहून किमान आठ दिवस आधी विद्यार्थी, कर्मचारी आणि पालक या तिघांनाही कळवावे. वैद्यकीय कारण असलेल्यांनी कोणाकडे अर्ज करायचा, त्या अधिकाऱ्याचे पदनामही त्यात असावे.

निवास आणि भोजनाची सोय ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधील 'सेवा' या व्याख्येत स्पष्टपणे येते. हे पत्र मिळाल्यापासून तीस दिवसांत समाधानकारक लेखी उत्तर न आल्यास पुणे जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे तक्रार दाखल करण्याची तयारी मी केली आहे. तशी वेळ येऊ नये, अशी माझी मनापासून इच्छा आहे, कारण माझ्या मुलीला पुढचे वर्षही याच वसतिगृहात काढायचे आहे. उत्तर ईमेलवर न देता कंपनीच्या पत्रशीर्षावर, जबाबदार अधिकाऱ्याच्या स्वाक्षरीने आणि नोंदणीकृत टपालाने पाठवावे, ही विनंती.

कळावे,

आपली विश्वासू,
निवासी विद्यार्थिनीची आई व करारातील पालक, पुणे

सोबत : शुल्काच्या पावत्या, लसीकरणाची प्रमाणपत्रे, कोरोना अहवाल, डॉक्टरांचे प्रमाणपत्र, आपल्या कार्यालयाच्या ईमेलच्या प्रती आणि बोळात ठेवलेल्या सामानाचे छायाचित्र.