ताई, ती पानं पलीकडे पोहोचली

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानायला लागले की तुम्ही "अगं, त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलता. पत्राला मध्येच थांबवता येत नाही, म्हणून हे पत्र. उघड लिहितेय, कारण माझ्यासारखीच अडकलेली आणखी कुणी असेल तर तिलाही तुमचं बोलणं ऐकायला मिळावं. तुमचं नाव मात्र कुठेही लिहीत नाही, निश्चिंत असा.

माझी अडचण सांगायला एका ओळीची होती. जुन्या छापील मराठी पुस्तकांची साडेतीन हजार स्कॅन केलेली पानं विंडोजवर होती. ती सरळ करून, साफ करून, टेसरॅक्टकडून, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या प्रोग्रॅमकडून, त्यांतला मजकूर काढून घेणारी स्क्रिप्ट लिनक्सची होती, आणि ती डेबियन 10 या लिनक्सवर तपासलेली असल्यामुळे मी व्हर्च्युअलबॉक्समध्ये, म्हणजे यंत्राच्या आत दुसरं यंत्र चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, नेमकं तेच बसवलं होतं. पानं होस्टवर, म्हणजे बाहेरच्या विंडोजवर, आणि अवजार गेस्टमध्ये, म्हणजे आतल्या लिनक्समध्ये. दोन्ही एकाच यंत्रात, एकाच स्क्रीनवर, शेजारी शेजारी, आणि तरी एक फाइल इकडची तिकडे जाईना. तीन दिवस झाले होते. तुमच्या बहिणीने, म्हणजे माझ्या मैत्रिणीने, न विचारताच तुम्हाला फोन जोडून दिला तेव्हा मला रडू आवरत नव्हतं, हे तुम्हाला कळलं असणार. तुम्ही त्याबद्दल एक अक्षर बोलला नाहीत. तुम्ही एवढंच विचारलंत, "आत्तापर्यंत काय काय करून बघितलंस, सगळं सांग. चुकीचं वाटतं तेसुद्धा."

मी सांगत गेले. आधी नेटवर्कवरून फोल्डर शेअर करायचा प्रयत्न केला, जमेना म्हणून विंडोजची फायरवॉल बंद केली, तरी जमेना म्हणून एसएमबी 1, म्हणजे विंडोजची नेटवर्कवरून फाइल शेअर करायची जुनी पद्धत, चालू केलं. तिथे तुम्ही मला थांबवलंत. "आधी ते दोन्ही होतं तसं कर. बाकीचं नंतर." आवाज चढवला नाहीत, पण त्या वाक्यात तडजोड नव्हती. मग कारण सांगितलंत. मे 2017 मध्ये जगभर पसरलेलं वॉनाक्राय हे खंडणी मागणारं सॉफ्टवेअर याच एसएमबी 1 मधल्या दोषातून एका यंत्रावरून दुसऱ्यावर उड्या मारत गेलं होतं, आणि त्याच वर्षी आलेल्या विंडोज 10 च्या 1709 आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्टने ते मुळात बसवून देणंच थांबवलं. फाइल पलीकडे न्यायची म्हणून अख्खं यंत्र उघडं टाकायचं नाही, हे तुम्ही मला पहिल्या पाच मिनिटांत शिकवलंत. मदत मागायला आलेल्या माणसाची अडचण बाजूला ठेवून आधी त्याने स्वतःला करून घेतलेली इजा बघणं, हे फार थोडे जण करतात.

आणि नेटवर्कचा तो प्रयत्न का फसला तेही तुम्ही जाता जाता सांगून टाकलंत. माझी व्हर्च्युअल मशीन नॅटवर होती, म्हणजे तिचं नेटवर्क होस्टच्या आड होतं. तिथे गेस्टला 10.0.2.15 असा पत्ता मिळतो, गेस्टला होस्ट 10.0.2.2 वर दिसतो, पण होस्टकडून गेस्टकडे सरळ रस्ता नसतो, पोर्ट फॉरवर्ड करून वाट काढून दिल्याशिवाय. मी तीन दिवस विंडोजमधून 10.0.2.15 ला हाका मारत होते. तिकडे कुणी ऐकणारं नव्हतं असं नाही, हाक पोहोचायला वाटच नव्हती.

मग आपण व्हर्च्युअलबॉक्सच्या शेअर्ड फोल्डरकडे, म्हणजे होस्टचं फोल्डर गेस्टमध्ये दाखवायच्या सोयीकडे, वळलो. "कीबोर्डवरून हात काढ," तुम्ही म्हणालात, "आणि स्क्रीनवर जे आलंय ते जसंच्या तसं वाचून दाखव." ते फोल्डर गेस्टला जोडताना, म्हणजे माउंट करताना, येणारी ती लांबलचक एरर मी वाचली. रॉंग एफएस टाइप, बॅड ऑप्शन, बॅड सुपरब्लॉक. सुपरब्लॉक हा शब्द वाचून मला डिस्कच गेली असं वाटलं होतं. तुम्ही म्हणालात, "डिस्कला काही झालेलं नाही. लिनक्स एवढंच म्हणतंय की व्हीबॉक्सएसएफ नावाची, या शेअर्ड फोल्डरची, फाइलसिस्टम मला माहीत नाही. ज्याला ओळखतच नाही त्याला ते दारात घेईल कसं?" एलएसमॉड चालवून कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, जोडलेल्या मॉड्यूलांची यादी बघितली. त्यात व्हीबॉक्सएसएफ नव्हतं.

पण हे मॉड्यूल गेस्टमध्ये आणणाऱ्या व्हर्च्युअलबॉक्सच्या गेस्ट ॲडिशन्स मी बसवल्या होत्या! सीडी घातली होती, स्क्रिप्ट चालवली होती, ती शेवटपर्यंत गेली होती. तुम्ही ती पुन्हा चालवायला लावलीत आणि या वेळी प्रत्येक ओळ वाचून घेतलीत. मधेच ते स्वच्छ लिहिलेलं होतं: या यंत्रावर कर्नल मॉड्यूल बांधायची सोय नाही, जीसीसी, मेक, पर्ल ही अवजारं आणि चालू कर्नलची हेडर्स (मॉड्यूल बांधायला लागणाऱ्या त्याच्या फायली) बसवा. आदल्या दिवशी ही ओळ माझ्या डोळ्यांसमोरून वर सरकून गेली होती. लिनक्स कर्नलमध्ये व्हीबॉक्सएसएफ मुळातच समाविष्ट झालं ते 5.6 मध्ये, 2020 साली, हे मला तुमच्याकडूनच कळलं. माझं डेबियन 4.19 वर होतं. म्हणजे मॉड्यूल तिथल्या तिथे बांधायलाच हवं होतं आणि बांधायला सामानच नव्हतं. सामान आणलं, स्क्रिप्ट पुन्हा चालवली, मशीन रीस्टार्ट केली, आणि मीडिया डिरेक्टरीत "एसएफ_पाने" असं फोल्डर उभं राहिलं. मी ओरडलेच. तुम्ही हसलात आणि म्हणालात, "उघड बघू."

परमिशन डिनाइड.

आता इथलं जरा सविस्तर लिहिते, कारण मला सगळ्यात जास्त शिकवलं ते या टप्प्याने. माझा हात लगेच सीएचमॉड 777 कडे, म्हणजे सगळ्यांना सगळ्या परवानग्या देणाऱ्या कमांडकडे, गेला. तुम्ही अडवलं नाहीत. "कर," म्हणालात, "आणि परत बघ." केलं, बघितलं. काहीच बदललं नव्हतं. मालक रूट (लिनक्सचा मुख्य वापरकर्ता), ग्रुप व्हीबॉक्सएसएफ, मालकाला आणि ग्रुपला सगळं, बाकीच्यांना काही नाही. तुम्ही समजावलंत की या फायली खऱ्या अर्थाने लिनक्सच्या नाहीतच, त्या विंडोजच्या डिस्कवर आहेत. गेस्टमध्ये दिसणाऱ्या परवानग्या माउंट करतानाच ठरतात, म्हणून बाहेरून कितीही बदलल्या तरी तशाच राहतात. "दाराला दोष नाही. तुझं नाव यादीत नाही."

मग माझं नाव त्या ग्रुपमध्ये घालणारी ती युजरमॉडची कमांड. मी टाइप केली, एंटरवर बोट ठेवलं, आणि तुम्ही विचारलंत, "मोठ्या जी च्या आधी छोटा ए आहे का?" नव्हता. त्या एका अक्षराशिवाय मी व्हीबॉक्सएसएफ ग्रुपमध्ये गेले असते आणि रूटचे अधिकार वापरू देणाऱ्या सुडो ग्रुपसकट बाकीच्या सगळ्या जोडग्रुपांतून बाहेर पडले असते. मग आपल्याच मशीनवर आपल्याला काही करता आलं नसतं. तुम्हाला माझी स्क्रीन दिसत नव्हती. तुम्ही माझ्या टायपिंगच्या आवाजावरून अंदाज घेत होतात की काय कोण जाणे. तो प्रश्न मला अजून ऐकू येतो, आणि ती कमांड लिहिताना मी अजून एंटरच्या आधी थांबते.

तरीही फोल्डर उघडलं नाही. त्या क्षणी मी हरले होते. तुम्ही शांतपणे म्हणालात, "आयडी लिही, नुसतं आयडी." ग्रुपांची यादी आली, त्यात व्हीबॉक्सएसएफ नाही. "ग्रुप कधी मोजले जातात? लॉगिन करताना. तू आत आलीस तेव्हा यादी जुनी होती. एकदा बाहेर जा, परत ये." लॉगआउट, लॉगिन, आयडी. आता नाव होतं. फोल्डर उघडलं आणि माझी पानं तिथे होती, एकामागून एक, 0001 पासून.

दुसऱ्या संध्याकाळी मीच फोन केला. स्क्रिप्ट नव्या पानांची वाट बघत बसायची, होस्टवरून पान फोल्डरमध्ये टाकलं की दिसायचंही, पण स्क्रिप्ट जागची हलायची नाही. तुम्ही आधी म्हणालात, "नक्की सांगता येत नाही, थांब, बघते," आणि खरंच बघितलंत, वीस मिनिटांनी उलट फोन केलात. स्क्रिप्ट इनोटिफायवर टेकलेली होती. फाइल बदलली की कर्नल खबर देतं, पण बदल होस्टने केला तर गेस्टच्या कर्नलला तो झाल्याचं कळतच नाही, म्हणून खबरही येत नाही. मग स्क्रिप्टने दर मिनिटाला स्वतः फोल्डर तपासायचं असं केलं. आणि तुम्ही एक सवय लावलीत: पानं आधी गेस्टच्या स्वतःच्या डिस्कवर घ्यायची, काम तिथे करायचं, तयार मजकूर तेवढा शेअर्ड फोल्डरमध्ये परत ठेवायचा. वेग वाढलाच, शिवाय विंडोज फायलींच्या नावात लहानमोठं अक्षर वेगळं धरत नाही आणि लिनक्स धरतं, त्यामुळे एक फाइल दुसरीवर लिहिली जाण्याची भीतीही गेली.

आता तुम्हाला न सांगितलेली गोष्ट. महिन्याभराने एका सकाळी फोल्डर गायब होतं. तेव्हा मी तुम्हाला फोन केला नाही. आधी हात काढले, एरर वाचली. एलएसमॉड बघितलं, व्हीबॉक्सएसएफ नाही. आदल्या रात्री कर्नलचं अपडेट आलं होतं. मॉड्यूल जुन्या कर्नलसाठी बांधलेलं होतं आणि नव्यासाठी बांधायला त्याची हेडर्स नव्हती, कारण मी तेव्हा फक्त त्या एका आवृत्तीची हेडर्स बसवली होती. डेबियनमध्ये लिनक्स-हेडर्स-एएमडी64 नावाचं पॅकेज आहे, ते बसवलं की प्रत्येक नव्या कर्नलसोबत त्याची हेडर्सही येतात. ते बसवलं, मॉड्यूल पुन्हा बांधलं, पाऊण तासात काम सुरू. त्या पाऊण तासात तुमचा आवाज कानात होता, पण बोटं माझी होती. तुम्ही दूरून माझ्या स्क्रीनचा ताबा घेऊन पहिल्या दिवशी दहा मिनिटांत सगळं करून देऊ शकला असतात. तसं न करता दोन संध्याकाळी, कामावरून थकून आल्यावर, एकेक अक्षर मला टाइप करू दिलंत. त्याबद्दल मी तुमची खरोखर ऋणी आहे.

पहिल्या दिवशी फोन ठेवताना तुम्ही म्हणाला होतात, "सगळी पानं झाली की कळव." परवा रात्री पावणेबाराला शेवटचं पान झालं. एसएमबी 1 बंद आहे, फायरवॉल चालू आहे. मजकुराच्या फायली दोन ठिकाणी जपून ठेवल्या आहेत. पहिल्या पुस्तकाचं मुद्रितशोधन कालपासून सुरू केलं.

तुमची,
बहिणीची मैत्रीण