‘वेशी’ कोशात का सापडत नाही?

संपादक महोदय,

ग्रामीण कथा-कादंबऱ्यांतले अडलेले शब्द कोशात मिळत नाहीत, अशी तक्रार वाचक नेहमी करतात. बहुतेक वेळा शब्द कोशात असतो, फक्त आपण भलत्याच रूपाने शोधत असतो. कथेत ‘वेशीपाशी’ असते. ‘पाशी’ काढून ‘वेशी’ शोधले तर हाती काही लागत नाही, कारण नोंद ‘वेस’ची असते. ‘सुपात’चे मूळ ‘सूप’, ‘चुलीत’चे ‘चूल’, म्हणजे ऱ्हस्व-दीर्घही पालटते. आधी प्रत्यय काढावा, मग मूळ रूप गाठावे आणि त्यानंतरच कोश उघडावा.

दुसरी अडचण जुन्या लेखनाची. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ ची, दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ १९३२ पासूनचा. अनुच्चारित, म्हणजे उच्चार न होणारे, अनुस्वार गेले १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी. त्यामुळे या कोशांत ‘भोंवरा’, ‘थारोळें’ असे शोधावे लागते. संगणकावर साध्या रूपाने शब्द मिळाला नाही तर अनुस्वार देऊन पाहावे.

‘रक्ताच्या थारोळ्यात’ बातम्यांत इतके रुळले आहे की थारोळे म्हणजे रक्ताचा सडा, असेच अनेकांना वाटते. विहिरीवर मोट जिथे रिकामी होते आणि जिथून पाणी पाटाला लागते, तो बांधीव खळगा म्हणजे थारोळे. बैल मोट ओढत ज्या उतरणीवरून जातात ती धाव, आणि ओढणारा जाड दोर म्हणजे नाडा. एका कामाचे शब्द असे एकाच पानावर, जमल्यास चित्र काढून नोंदवले तर लक्षात राहतात. सुट्या शब्दांची लांबलचक यादी आठवड्यात विसरली जाते.

वाचताना दर शब्दाला थांबू नये, कथा तुटते. पेन्सिलीने बारीक टिंब द्यावे, पानामागे फार तर दोन, आणि प्रकरण संपल्यावर कोश पाहावा. वहीत मूळ शब्द, लिंग, प्रदेश आणि कथेतले पूर्ण वाक्य लिहावे. नुसता अर्थ लिहिला की फसगत होते. ‘आगर’ म्हणजे कोकणात नारळी-पोफळीची बाग, तसेच मीठ पिकवण्याची जागाही. कोणता अर्थ घ्यायचा हे ते वाक्यच सांगते. कोशातल्या (कों.), (गो.), (व.) या कोकण, गोवा, वऱ्हाड सांगणाऱ्या प्रदेशखुणाही वगळू नयेत.

प्रकाशकांना विनंती, की बोलीतल्या कादंबरीच्या शेवटी दोन-तीन पानांची शब्दसूची द्यावी आणि तीत शब्द मूळ रूपात, लिंगासह छापावेत.

– एक मराठी शिक्षक, सांगली