ठकीच्या कॉलरबद्दल अण्णांना जाहीर पत्र

ती. स्व. अण्णांस,
सा. न. वि. वि.

आमच्या ठकी कुत्रीनं पायाचे टाके चाटू नयेत म्हणून तुम्ही तिला घरच्या घरी कॉलर करून दिलीत, पण तुमचे तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही "चहा झाला का?" म्हणून विषय बदलता. मामंजींनी दिलेलं पाकीट तर तुम्ही न उघडता त्यांच्याच खिशात परत घातलंत. म्हणून हे चारचौघांत लिहितेय. ज्यांच्या दारात कुत्रं आहे त्यांना उपयोग होईल आणि तुम्हाला निदान मधेच चहाचं विचारता येणार नाही.

तुम्हाला न ओळखणाऱ्यांसाठी एवढं सांगते, की अण्णा पशुसंवर्धन खात्यात पशुधन पर्यवेक्षक होते. वाईच्या पश्चिमेकडच्या गावांत त्यांची सारी नोकरी झाली. अडलेली म्हैस, खूर सडलेला बैल, फुगलेली शेळी, हे त्यांचं रोजचं काम. कुत्री त्यांच्याकडे तशी कमीच यायची. "कुत्र्याला दवाखान्यात कोण आणायचं तेव्हा?" असं ते म्हणतात.

आमची ठकी गावठी, तांबूस, मध्यम अंगाची. ऐन पावसाळ्यात गोठ्याच्या सुटलेल्या पत्र्यानं तिचा मागचा पाय घोट्याच्या वर फाटला. तालुक्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी टाके घातले आणि साधारण 10 ते 14 दिवसांनी काढायचे, तोवर जिभेचा स्पर्श होता कामा नये, असं बजावलं. गळ्यात घालायची, नरसाळ्यासारखी प्लास्टिकची कॉलरही लिहून दिली. दुकानात एकच शिल्लक होती, ती पॉमेरेनियनच्या मापाची. ती घालून ठकीचं नाक चांगलं चार बोटं बाहेर यायचं. पाय पुढे घेऊन ती आरामात टाके चाटत बसायची, वर आमच्याकडे बघायची.

मग सल्ल्यांची रांग लागली. शेजारच्या काकूंनी हळद आणि खोबरेल तेलाचा लेप दिला. कुणी म्हणालं कडुलिंबाचा रस लावा, कुणी म्हणालं मिरचीपूड. एकानं वासरासारखं मुसकं बांधायला सांगितलं. आणि निम्म्या आळीचं मत असं, की चाटू द्या, कुत्र्याच्या जिभेतच औषध असतं.

तुम्ही आलात ते पायरीवर बसलात आणि बराच वेळ काहीच केलं नाहीत. ठकीकडे नुसतं बघत राहिलात. ती चाटायला लागली तशी मी ओरडले, ती उठून पिठाच्या गिरणीमागे गेली. तेव्हा तुम्ही म्हणालात, "सूनबाई, ओरडल्यानं ती चाटायचं सोडत नाही, तुमच्यासमोर चाटायचं सोडते. तिला बोलू नका. तिचं माप घ्या." माझ्या मते तुमच्या सगळ्या उपचाराचं सार त्या वाक्यात होतं. आम्ही तिला आज्ञाभंगाची शिक्षा करत होतो आणि तुम्ही जीभ कुठवर पोचते ते बघत होतात.

सुतळी मागवलीत. तिच्या गळ्याचा घेर धरून वर दोन बोटांची सैल जागा ठेवलीत. मग गळ्यापासून नाकाच्या शेंड्यापर्यंत लांबी, आणि त्यापुढे आणखी दोन बोटं. कॉलरची कड नाकाच्या थोडी पुढे गेलीच पाहिजे, नाहीतर ती नुसता दागिना, हे तेव्हा कळलं. तुमच्या नोकरीत गाई-बैलांना तुम्ही हेच वेगळ्या रीतीनं करत होतात म्हणे. उभ्या काठ्या दोरीत ओवून गळ्याभोवती बांधायच्या, की मान वळत नाही आणि जनावर पाठीवरची जखम चाटत नाही.

आता सामान कुठून आणायचं? तुम्ही विचारलंत, "घरात जुने एक्स-रे आहेत का?" कुणाच्या घरात नसतात! कपाटावरून मामंजींच्या छातीचा निघाला, सासूबाईंच्या कमरेचा निघाला. दोन्ही जुन्या, धुऊन काढलेल्या फिल्मा. एका फिल्ममध्ये ठकीचा घेर बसत नव्हता म्हणून दोन्ही लागल्या. ब्लीचच्या पाण्यात बुडवून ठेवल्या तसा काळा थर सुटायला लागला. बोटानं चोळलं की मामंजींच्या फासळ्या पाण्यात विरघळताना दिसत होत्या. "आता माझी तब्येत बरी होती याचा पुरावा काय?" असं मामंजींनी विचारल्याचं तुमच्या लक्षात असेल. मागे राहिली ती स्वच्छ, पारदर्शक शीट. ती पारदर्शक असण्यात मोठी सोय होती. ठकीला बाजूचं दिसत होतं, त्यामुळे ती दाराच्या चौकटीवर फार आपटली नाही. दुकानच्या कॉलरला कडेनं पांढरा रंग होता, ती घातली की ती जागच्या जागी थिजून उभी राहायची.

दोन फिल्मा शेजारी चिकटवून तुम्ही कमानीसारखा तुकडा कापलात, आतली कड लहान, बाहेरची मोठी. गुंडाळला की झालं नरसाळं. आतल्या कडेला दाभणानं भोकं पाडून परकराची नाडी ओवलीत आणि ती तिच्या नेहमीच्या पट्ट्याला गुंफलीत, म्हणजे पंजानं ढकलली तरी डोक्यावरून निघत नाही. बाहेरची कड चिकटपट्टीनं मुडपलीत. गळ्याला लागणाऱ्या कडेला मात्र सासूबाईंच्या जुन्या सुती पातळाची पट्टी शिवायला लावलीत आणि ती रोज बदलायला सांगितलीत, कारण पावसात ओली कड घासून तिथेच दुसरी जखम होते.

खोबरेल-हळदीच्या लेपावर तुम्ही हसलात. "तेल लावलं की ते तिचं जेवण झालं." खरंच, लेप लावल्यापासून ती दुप्पट चाटत होती. कडू रसाची तिला दुसऱ्या चाटण्यात सवय झाली होती. मिरचीपूड उघड्या मांसावर टाकणाऱ्याला तुम्ही काय म्हणालात ते इथे लिहीत नाही. मुसक्याबद्दल मात्र गंभीरपणे समजावलंत. कुत्रं अंगातली उष्णता बाहेर टाकतं ते मुख्यतः जीभ काढून, धापा टाकून. तोंड आवळून तासन्‌तास ठेवलं तर ते उकाड्यानं दगावू शकतं.

जिभेतल्या औषधाचं तुम्ही अगदीच खोडून काढलं नाहीत, हे मला आवडलं. लाळेत जंतूंना मारणारे थोडे घटक असतात आणि रानात पडलेलं कुत्रं चाटून जखमेतली माती तरी काढतं. पण टाके घातलेल्या जखमेत कातडीच्या दोन कडा एकमेकींना धरत असतात. जीभ त्या पुन्हा पुन्हा ओढते, ओल सुकू देत नाही, आणि तोंडातले जंतू थेट आत जातात. त्यातून जखम भरत आली की खाजते, म्हणजे बरं होण्याच्या दिवसांतच चाटण्याचा मोह जास्त. काकूंच्या नातवानं आपला खरचटलेला गुडघा "औषध" म्हणून ठकीपुढे धरला होता, तेव्हा तर तुम्ही सगळं सोडून त्याला नळाखाली उभं केलंत. साबण लावून पंधरा मिनिटं धुतलंत आणि आईबरोबर प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवलंत. रेबीजच्या हिशेबात फुटलेल्या कातडीवरचं चाटणं हे जागतिक आरोग्य संघटनेनं सर्वांत गंभीर, तिसऱ्या गटात धरलेलं आहे, हे आमच्या आळीत त्या दिवशी कळलं.

धाकट्या दिरांनी घरातली दुखण्याची गोळी ठकीला द्यायची म्हणून हातात घेतली होती. तुम्ही ती काढून घेतलीत. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक कुत्र्याच्या पोटाला आणि मूत्रपिंडाला घातक, पॅरासिटामॉलही मनानं द्यायचं नाही. ते औषध दिलेली मेलेली जनावरं खाऊन गिधाडं मरायला लागली म्हणून 2006 साली जनावरांच्या डायक्लोफेनॅकवर बंदी आली तेव्हा तुम्ही नोकरीत होतात. दवाखान्यातल्या बाटल्या परत पाठवल्याची आठवण तुम्ही सांगितलीत आणि मग पसरणीच्या घाटावर पूर्वी दिसणाऱ्या गिधाडांवर घसरलात. तासभर गेला, पण ऐकायला छान वाटलं.

जखम धुवायला अर्धा लिटर उकळून गार केलेलं पाणी आणि त्यात सपाट चमचाभर मीठ, एवढंच. धुतल्यावर टिपून कोरडं करायचं, चोळायचं नाही. पण तुमची खरी तपासणी नाकानं चालायची. सकाळ-संध्याकाळ तुम्ही वाकून जखमेचा वास घ्यायचात आणि मलाही घ्यायला लावायचात. पहिल्या दिवशी मी तोंड फिरवलं होतं. नंतर मला ओल्या केसांचा वास आणि पू धरायला लागलेल्या जखमेचा गोडसर घाण वास यांतला फरक कळायला लागला. पावसाळ्यात माशी बसली की दिवसाच्या आत अळ्या पडू शकतात, म्हणून दिवसा ठकीचा मुक्काम माजघरात, मच्छरदाणीखाली. सासूबाईंनी यावर काय काय ऐकवलं ते तुम्हाला ठाऊक आहेच.

जेवताना कॉलर काढायची, पण कुणीतरी पाय धरून शेजारी बसायचं, हा नियम. घाई असली तर कॉलरसकट जेवण, आणि मग ताटली पाटावर, म्हणजे कड जमिनीला अडत नाही. आमच्या घरात पाटावर जेवणारी ती आता एकटीच.

आणि संध्याकाळचं. ठकी सगळ्यात जास्त अस्वस्थ व्हायची ती पाऊस कोसळत असताना, आम्ही टीव्हीपुढे बसलो की. पळणं बंद, उड्या बंद, मग करणार काय बिचारी? तुम्ही भाकरीचे तुकडे गोणपाटाच्या घड्यांत लपवून तिला हुंगून शोधायला लावलेत. पाय न हलवता ती दमायची आणि झोपायची. हे मला कॉलरपेक्षाही मोठं वाटतं. टाके काढल्यावर मी कॉलर काढायला निघाले तेव्हाही तुम्ही थांबवलंत. केस उगवून कातडी झाकेपर्यंत काही कुत्री सवयीनं त्याच जागी चाटत राहतात आणि बरी झालेली जागा पुन्हा जाड, ओली करून ठेवतात. म्हणून आधी दिवसा काढली, रात्री मात्र ठेवली.

आता एक काम. खालच्या आळीतल्या मोतीचं नसबंदीचं ऑपरेशन झालंय, टाके पोटावर आहेत. कॉलर त्यांनी मागितली, मी दिली. पण मोतीचा गळा जाड आहे, नाडी पुरत नाही. पोटासाठी जुनं बनियन चार पायांना भोकं पाडून घालायचं आणि शेपटीपाशी गाठ मारायची, असं तुम्ही मागे बोलला होतात. ते मी सांगितलं, आणि लघवीनं भिजलं की लगेच बदला, असंही सांगितलं. गाठ कुठे मारायची ते मात्र तुम्हीच येऊन दाखवा. रविवारी ते गाडी पाठवतील.

इंद्रायणी तांदळाची पिशवी तुमच्या ओट्यावर ठेवली आहे. ती परत आणलीत तर मी घेणार नाही.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

आपली नम्र,
वरच्या आळीची सूनबाई