बाबांच्या प्रश्नाचं उत्तर

ती. आई-बाबांना
सा. नमस्कार.

"लहान मुलांचं पुरे झालं, आता मोठ्यांसाठी लिही की!" असं बाबा परवा फोनवर म्हणाले. तेव्हा मी हसून वेळ मारून नेली. पण हे उत्तर फोनवर उरकण्यासारखं नाही, म्हणून हे पत्र.

सध्या बिअ‍ॅट्रिक्स पॉटरबद्दल वाचते आहे. ती इंग्लंडमधली, मुलांसाठी लिहिणारी आणि चित्रं काढणारी लेखिका; निळं जाकीट घातलेला पीटर ससा तिचाच. आई, तुला ही बाई आवडेल. तिला पूर्वी घरी शिकवणाऱ्या बाईंचा पाच वर्षांचा मुलगा आजारी होता. १८९३ साली तिने त्याला पत्र लिहायला घेतलं, मजकूर काही सुचेना, म्हणून सशांची गोष्टच चित्रांसकट लिहून पाठवली. पुढे त्याचं पुस्तक करायचं ठरवलं, तर प्रकाशकांचे नकार. पुस्तक छोटंच हवं, छोट्या हातांत मावलं पाहिजे, हा तिचा हट्ट. शेवटी १९०१च्या डिसेंबरात तिने पदरमोड करून २५० प्रती छापल्या. त्यानंतर १९०२ मध्ये फ्रेडरिक वॉर्न कंपनीने रंगीत आवृत्ती काढली.

हा हट्ट वाचून मला फार बरं वाटलं. कारण आमचं निम्मं काम असलंच असतं. चित्रपुस्तक बहुतेक वेळा ३२ पानांचं, कारण छापील कागदाच्या घड्या तशा पडतात. त्यातून शीर्षक वगैरेची पानं गेली की गोष्टीला जेमतेम डझनभर जोडपानं उरतात. दार कोणी वाजवलं, हे पान उलटल्यावरच कळायला हवं. म्हणून दारावरची थाप उजव्या पानाच्या शेवटीच यायला हवी. नव्या गोष्टीत मी लिहिलं होतं, "अस्वल घाबरलं." चित्रकाराने कान पाडलेलं, पांघरुणाचं टोक घट्ट धरलेलं अस्वल काढून पाठवलं. वाक्य तिथल्या तिथे कापलं. वाईट वाटलं, पण क्षणभरच.

पैशाचं म्हणाल तर मानधन चित्रकाराबरोबर वाटून घ्यावं लागतं, त्यामुळे बाबांची काळजी अगदीच खोटी नाही. पॉटरबाई मात्र हिशेबाला पक्की. १९०३ मध्येच तिने पीटरच्या बाहुलीची पेटंट कार्यालयात नोंदणी करून टाकली! पुस्तकांची कमाई आणि थोडा वारसा यांतून १९०५ मध्ये शेत घेतलं, आणि १९४३ मध्ये गेली तेव्हा चार हजारांहून जास्त एकर जमीन नॅशनल ट्रस्टला, म्हणजे निसर्ग आणि जुन्या वास्तू जपणाऱ्या तिथल्या संस्थेला, देऊन गेली. त्याच १९०५ मध्ये, चाळिशीला टेकलेली असताना, प्रकाशकाच्या घरातल्या नॉर्मनशी लग्न ठरवलं तर आईवडिलांचा विरोध: मुलगा व्यापारी घरातला! महिन्याभरात नॉर्मन वारला. तुमची तक्रार फक्त माझ्या वाचकांच्या वयाबद्दल आहे, हे माझं नशीबच.

तर बाबा, मोठ्यांसाठी लिहायचा विचार नाही. जमणार नाही म्हणून नव्हे. मला हेच करायचं आहे.

सोबत नव्या गोष्टीचा कच्चा खर्डा आहे. बाबा, आईला मोठ्याने वाचून दाखवा. जिथे जीभ अडखळेल तिथे पेन्सिलीने खूण करा, आणि आईला मधेच कंटाळा आला तर तेही न लाजता कळवा. मंगळवारपर्यंत मिळालं तर बरं, बुधवारी संपादकांना पाठवायचं आहे.

तुमची,
छोटी